२२ पौंडांची टर्की किती वेळ भाजायची?

या भागात आकडे बरेच आहेत, आणि बसमध्ये उभं राहून कानात इअरफोन घालून ऐकलेले आकडे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून हे शब्दांकन. भाग ऐकला नसेल तरी चालेल, इथे सगळं आहे.

प्रश्न अमेरिकेतून आलाय. तिथे शिकायला गेलेल्या आपल्या चार मुलामुलींनी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगला, वीस जणांना जेवायला बोलावलंय. तिकडे बऱ्याच दुकानांत त्या दिवसांत ठरावीक रकमेची खरेदी केली की गोठवलेली टर्की फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळते. फुकट म्हटल्यावर आपण मोठीच उचलणार ना! २२ पौंड, म्हणजे जवळजवळ १० किलो. ओव्हनचा उपयोग आजवर कढया आणि तवे ठेवायला. आता विचारतायत, "दादा, हिला आत किती वेळ ठेवायचं?"

तिकडच्या शेजाऱ्याला विचारलंत तर तो सांगेल, पौंडाला १५ मिनिटं. दुसरा सांगेल, पौंडाला २०. पहिल्या हिशेबाने साडेपाच तास होतात, दुसऱ्याने सात तास वीस मिनिटं. दोन तासांचा फरक! आणि गंमत म्हणजे दोघंही आपापल्या घरच्या टर्कीपुरते बरोबर असू शकतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता बघा. ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटला (सुमारे १६३ अंश सेल्सिअस), पोटात काही न भरलेली टर्की. ८ ते १२ पौंडांना पावणेतीन ते तीन तास. २० ते २४ पौंडांना साडेचार ते पाच तास. आता भागाकार करा. ८ पौंडांची असेल तर पौंडाला २० मिनिटं पडतात, १२ ची असेल तर १५, आणि २४ ची असेल तर जेमतेम साडेबारा. म्हणजे पक्षी जितका मोठा, तितका पौंडामागचा वेळ कमी. "पौंडाला अमुक मिनिटं" हा नियमच मुळात सगळ्या वजनांना लागू पडत नाही.

असं का होतं? कुकरमध्ये एक मोठा बटाटा आणि एक छोटा बटाटा एकत्र लावून बघा. छोटा फुटायला येतो तेव्हा मोठ्याच्या पोटात अजून कच्ची गाठ असते. उष्णता बाहेरून आत सरकते, आणि तिला पार करायची असते जाडी. वजनाशी तिचं थेट देणंघेणं नाही. जाडी दुप्पट झाली की आतपर्यंत पोचायला वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. हा झाला पहिला धागा.

दुसरा धागा वजनाचा. तोच आकार सगळ्या बाजूंनी दुप्पट केला, तर लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंची दुप्पट, म्हणून वजन आठपट. आता दोन्ही जोडा: वजन आठपट, वेळ चौपट. ३ पौंडांची कोंबडी भाजायला साधारण सव्वा तास लागतो. तिच्या आठपट म्हणजे २४ पौंडांची टर्की. सव्वा तासाचे चौपट किती? पाच तास. तक्त्यात वरच्या टोकाला हाच आकडा आहे.

गणिताच्या भाषेत, वेळ हा वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढतो. घाबरू नका, एवढंच लक्षात ठेवा: वजन दुप्पट, तर वेळ साधारण १.६ पट.

हे सूत्र म्हणून मांडण्याचं श्रेय जातं वुल्फगांग पॅनॉफ्स्की यांना. बर्लिनमध्ये १९१९ साली जन्मलेले हे भौतिकशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या प्रयोगशाळेचे पहिले संचालक. तीन किलोमीटर लांबीच्या यंत्रातून इलेक्ट्रॉन पळवणारा माणूस टर्कीकडे वळला, तेव्हा त्याने सांगितलं: पौंडातल्या वजनाचा दोन-तृतीयांश घात घ्या, त्याला १.५ ने भागा, उत्तर तासांत मिळेल. ओव्हन तोच, ३२५ फॅरनहाइट. फोन आडवा केलात की बहुतेक कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण दिसतं. नसेल तर वजनाचा वर्ग करून त्याचं घनमूळ काढा, तेच येतं. आपल्या २२ पौंडांना उत्तर येतं सव्वापाच तासांच्या आसपास. तक्त्यापेक्षा थोडं जास्त आहे, म्हणून मी ही वरची मर्यादा धरतो.

जाता जाता एक मजा. १९८९ मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत टायसन नावाची टर्की साफ केल्यावर ८६ पौंडांची भरली होती. पौंडाला १५ मिनिटांनी तिला साडेएकवीस तास लागले असते. पॅनॉफ्स्कींच्या सूत्राने तेरा. अर्थात तेवढा ओव्हन आधी सापडायला हवा.

आता मुद्द्याचं. जास्त वेळ ठेवली तर छातीचं मांस भुश्शासारखं कोरडं होतं, वीस जण ग्रेव्ही ओतून ओतून खातात, बस. उलटी चूक मात्र महागात पडते. यंदा मोठ्या टर्कीवरून साडेबारा मिनिटांचा नियम पाठ केला आणि पुढच्या वर्षी १० पौंडांची आणली, तर दोन तासांतच बाहेर काढाल. ती आत कच्ची असेल, आणि कच्च्या पक्ष्यात साल्मोनेला असू शकतो. वीस जणांचं पोट बिघडवण्याची जोखीम आहे ही.

म्हणून घड्याळ फक्त अंदाजाला, निकाल थर्मामीटरचा. टोचायचा डिजिटल थर्मामीटर आणाच. छातीचा सगळ्यात जाड भाग, मांडीचा आतला भाग आणि पंखाचा आतला भाग, तिन्हीकडे १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस हवं. टोक हाडाला लागू देऊ नका, आकडा चुकतो. पोटात सारण भरायचा मोह या वेळी टाळा. त्याच्याही मध्यभागी १६५ यावं लागतं आणि तोवर छाती वाळते.

हिशेब हमखास बिघडतो तो बर्फामुळे. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. पोटात बर्फाचा गोळा राहिला की वरचे सगळे आकडे विसरा. पूर्ण गोठलेली टर्की भाजता येते, पण वेळ किमान दीडपट. फ्रीजमध्ये सुटायला दर ४-५ पौंडांना एक दिवस धरा. म्हणजे गुरुवारसाठी आदल्या शुक्रवारीच फ्रिझरमधून फ्रीजमध्ये, खाली परात ठेवून. विसरलात तर पिशवीसकट थंड पाण्यात, पौंडाला अर्धा तास: ११ तास, आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. म्हणजे रात्रभर आळीपाळीने जागरण. सुटली की लगेच भाजायची. ओट्यावर तशीच ठेवून मात्र नाही हं, बाहेरचं मांस कोमट होऊन जंतू वाढतात आणि आत दगडच असतो.

संध्याकाळी पाचला जेवायचं असेल तर सकाळी ११ ला ओव्हनमध्ये. पावणेतीनला पहिल्यांदा थर्मामीटर टोचा, मग दर वीस मिनिटांनी. ओव्हन सारखा उघडू नका, गरम हवा निघून जाते. साडेतीन ते सव्वाचारच्या मध्ये कधीतरी होईल. बाहेर काढून कापण्याआधी निदान वीस मिनिटं राहू द्या. लवकर झाली तर वर फॉइल घालून आणखी थोडं थांबा.

आणि माझं मत विचाराल, तर पुढच्या वेळी एका २२ पौंडीऐवजी दोन ११ पौंडी घ्या. ओव्हनमध्ये दोन्हींभोवती हवा फिरायला जागा असेल, तर सव्वातीन तासांच्या आत मोकळे व्हाल, आणि तंगड्या दोनाच्या चार!

उरलेलं मांस दोन तासांच्या आत हाडांवरून काढून उथळ डब्यांत भरा आणि फ्रीजमध्ये टाका. अख्खा सांगाडा तसाच आत कोंबू नका. जी जाडी तापायला वेळ घेते, ती निवायलाही तेवढाच घेते. तीन-चार दिवस टिकतं, आणि शुक्रवारी त्याचा बिर्याणी मसाला घालून पुलाव होतो.