बसा, पट्टा बांधा, उतरा!

खिडकीतून खाली समुद्र दिसतोय, असं शेजारच्याला सांगायच्या आत चाकं जमिनीला टेकलेली! स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांवरच्या विमानतळांमधलं अंतर अवघं 2.7 किलोमीटर. वेळापत्रकात या उड्डाणाला दोन मिनिटं दिली आहेत. प्रत्यक्षात बहुतेकदा दीडच मिनिट पुरतं. विक्रम तर 53 सेकंदांचा! जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा म्हणून गिनेस बुकातही तिची नोंद आहे.

आपल्या मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची. म्हणजे हा अख्खा हवाई प्रवास तिच्यावर मावेल आणि वर जागा उरेल.

इतका वेग येतो कुठून? खरं तर वेग फारसा नसतोच. 53 सेकंदांचा हिशेब मांडला तरी ताशी 180 किलोमीटरच्या आसपास भरतो. खरी करामत वाऱ्याची. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊनच उडतं आणि उतरतं. दिशा जुळली तर नाकासमोर उडायचं आणि तसंच उतरायचं. नाही जुळली तर वळसा घ्यावा लागतो, आणि वेळ जातो तो त्या वळशात.

विमानाचं नाव ब्रिटन-नॉर्मन आयलँडर. दोन इंजिनं, आखूड धावपट्टीवर उतरण्याची हातोटी, आणि जेमतेम आठ-नऊ प्रवाशांची सोय. वडापमध्ये ड्रायव्हरशेजारी बसावं तसं इथे पायलटशेजारी बसायला मिळतं! समोर सगळे काटे हलताना दिसतात, आणि काचेतून पलीकडची धावपट्टी अंगावर येत असते. मला विचाराल तर विमानप्रवासात याहून चांगली सीट नाही.

लोगनएअर कंपनी 1967 पासून ही सेवा चालवते आहे, आणि ती पर्यटकांच्या हौसेपुरती नाही. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत-बाहेर. मध्ये समुद्र, पूल नाही, हिवाळ्यात लाटा खवळलेल्या. अशा ठिकाणी शिक्षकांना, पेशंटना, डॉक्टरांना हे विमान म्हणजे मोठा आधार.

याउलट उदाहरण युरोपातच आहे. 2016 च्या नोव्हेंबरात स्वित्झर्लंडचं आल्टेनऱ्हाइन आणि जर्मनीचं फ्रीडरिश्सहाफेन यांच्यात आठ मिनिटांची विमानसेवा सुरू झाली. अंतर वीसेक किलोमीटर, मध्ये कॉन्स्टन्स सरोवर. पण तळ्याला वळसा घालून मोटारीने जाता येत होतं, फेरीबोटही होती. पर्यावरणवाद्यांनी टीकेची झोड उठवली आणि सहा महिन्यांच्या आतच सेवा गुंडाळली गेली. ऑर्कनीतली उडी त्याहून कितीतरी छोटी, तरी ती टिकली, कारण तिची गरज खरी आहे.

आणि एवढ्या उडीनंतर पाहायचं काय? पापा वेस्ट्रेवर नॅप ऑफ हॉवर नावाची दोन दगडी घरं आहेत, एकमेकांना खेटून, समुद्राकडे तोंड करून. वय पाच हजार वर्षांहून जास्त, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा जुनी! भिंतींतली दगडी फडताळं अजून जागेवर आहेत, आणि वाकून दारातून आतही जाता येतं.