शंभर माग आणि एक ताणा

यंत्रमागाच्या खडखडाटावरून गल्ली ओळखावी, असे आमचे बऱ्हाणपूर. एका मागास जे कापड उतरविण्यास दहा दिवस लागतात, ते दहा मागांवर एका दिवसात उतरते, हे येथील लहान मुलासही शिकवावे लागत नाही. समांतर संगणन या भारदस्त नावाच्या शास्त्राचे मूळ याहून निराळे नाही. एक अवाढव्य गणित तुकड्यातुकड्यांत वाटावयाचे, अनेक संगणकांकडून ते एकाच वेळी सोडवून घ्यावयाचे आणि उत्तरे जुळवावयाची, एवढेच त्याचे सूत्र.

या शास्त्राचा भारतातील इतिहास आपल्या शेजारच्या वऱ्हाडास अभिमान वाटावा असा आहे. १९८० नंतरच्या दशकात भारतास हवा असलेला महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांनी वाहिली. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. एकच प्रचंड यंत्र घडविण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या लहान संगणक-चकत्या त्यात एकत्र गुंफल्या होत्या. अशा प्रत्येक चकतीस शेजारणींशी बोलण्यासाठी चार दुवे होते. सामर्थ्य होते ते या बोलण्यात.

कारण संख्या वाढविली की वेग वाढतोच, असे नाही. ताणा भरण्याचे यंत्र एकच असेल, तर शंभर मागही हात जोडून वाट पाहत बसतात, हे कोणीही कारखानदार सांगेल. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच गणिती रूपात मांडले. ज्या कामाचा दहावा हिस्सा वाटून देता येत नाही, ते हजार संगणक जुंपले तरी दहापटीहून अधिक वेगाने होणार नाही. म्हणून या क्षेत्रातील संशोधकांचा खरा झगडा ती वाट पाहण्याची वेळ कमी करण्याशी असतो.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा, असे मात्र कोणी समजू नये. हवामानाच्या अंदाजासाठी वातावरणाचे चौकोन पाडून ते संगणकांत वाटून देतात. वारा काही चौकोनाची हद्द पाळीत नाही. म्हणून प्रत्येक संगणकास पावलोपावली शेजाऱ्याची खबर घ्यावी लागते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्क’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. २०२५ मध्ये अंदाजाचा चौकोन बारा किलोमीटरांवरून सहावर आला. बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात. काळाची पावलेही निम्मी टाकावी लागतात. म्हणजे काम जवळजवळ आठपट!

एका वादळात उभी केळीची बाग आडवी झालेली पाहणाऱ्या आमच्या तापीकाठच्या शेतकऱ्यास या सहा किलोमीटरांचे मोल निराळे सांगावयास नको. चौकोन लहान झाला म्हणून प्रत्येक अंदाज अचूक ठरेल, असे नव्हे. पण पुण्यातील त्या यंत्राचा आपल्या बागेशी संबंध आहे खरा. संगणकशास्त्र शिकावयास निघालेल्या आपल्या मुलामुलींना आम्ही एवढेच सुचवू : यंत्रे किती, हे विचारण्याआधी कोण कोणासाठी खोळंबले आहे, ते पाहा. ही दृष्टी तुम्हांस मागांच्या गावाने केव्हाच दिलेली आहे.