बंपरचा ओठ : सुटा ठेवावा की कायमचा जोडावा?

मोटारगाडीच्या पुढच्या बंपरखाली बसवायची एक पातळ पट्टी बाजारात मिळते. तिला ‘लिप’ म्हणजे ओठ असे म्हणतात. गाडी जमिनीलगत आणि रुबाबदार दिसावी म्हणून हौशी मंडळी ती लावून घेतात. ही पट्टी स्क्रूंनी आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवली, की बंपर आणि ओठ यांच्यामध्ये एक रेघ दिसत राहते. ती डोळ्याला खटकते. मग गॅरेजमध्ये विचारणा होते, “ही फट लांबी भरून, घासून, रंगवून कायमची बुजवता येईल का?”

बुजवता येते. पण मग बंपर आणि ओठ या दोन वस्तू राहत नाहीत, एकच होते. पुढे वेगळे करायचे म्हटले तर दोन्ही खराब होतात. आपले कितीतरी विद्यार्थी आयटीआयमधून या व्यवसायात जातात आणि असे निर्णय त्यांना रोज घ्यावे लागतात. त्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान आपण शाळेतच शिकवतो. ते या प्रश्नाला लावून पाहू.

बंपर कशाचा असतो?

जुन्या गाड्यांचे बंपर पोलादी पत्र्याचे असत. १९७२ साली फ्रान्समधील रेनॉ ५ या गाडीला प्लॅस्टिकचे बंपर आले आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. आजचे बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ साली हे बहुवारिक सुबक, स्फटिकी रूपात तयार केले. १९६३ साली त्यांना जर्मनीचे कार्ल त्सीग्लर यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. बंपरसाठी पॉलिप्रॉपिलीनमध्ये थोडे कृत्रिम रबर आणि शंखजिऱ्याची पूड मिसळतात. रबरामुळे बंपर धक्क्याने तडकत नाही आणि शंखजिऱ्यामुळे त्याला ताठपणा येतो. बंपरच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या प्रकाराची खूण उमटवलेली असते. काम सुरू करण्यापूर्वी ती वाचावी.

बाजारातले ओठ मात्र नाना प्रकारांचे असतात. काही पॉलिप्रॉपिलीनचे, काही एबीएस प्लॅस्टिकचे, काही पॉलियुरेथेनचे, तर काही काचतंतू आणि राळ यांचे, म्हणजे ज्याला गॅरेजवाले नुसते ‘फायबर’ म्हणतात त्याचे. आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या फरकावर अवलंबून आहे.

चिकटते कसे?

गोंद चिकटण्यासाठी आधी तो पृष्ठभागावर पसरावा लागतो. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब पसरतो, पॉलिथिनच्या पिशवीवर मात्र मण्यासारखा उभा राहतो. पॉलिप्रॉपिलीनची रेणूसाखळी केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांची असते. तिच्यावर धन-ऋण टोके जवळजवळ नसतात, त्यामुळे गोंदाच्या किंवा रंगाच्या रेणूंना धरायला काही मिळत नाही. म्हणूनच कारखान्यात बंपर रंगवण्यापूर्वी त्याच्यावरून ज्योत फिरवतात किंवा त्याला खास प्रायमर लावतात. ज्योतीमुळे पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि रंग धरून बसतो. हे न करता थेट लांबी भरली, तर ती आज छान दिसेल, पण काही महिन्यांनी खपलीसारखी निघेल.

दुसरा मार्ग वितळवून जोडण्याचा. बंपर आणि ओठ दोन्ही पॉलिप्रॉपिलीनचे असतील, तर गरम हवेच्या झोताने आणि त्याच प्लॅस्टिकच्या कांडीने ते सांधता येतात. एबीएस आणि पॉलिप्रॉपिलीन वितळवले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. फायबर तर वितळतच नाही, कारण त्यातल्या राळेचे रेणू एकमेकांना आडवे बांधले गेलेले असतात. ओठांसाठी वापरले जाणारे बहुतेक पॉलियुरेथेनही असेच असते.

उन्हातली ओढाताण

समजा, बंपर १.६ मीटर म्हणजे १६०० मिलिमीटर लांब आहे. थंडीच्या पहाटे त्याचे तापमान १० अंश सेल्सिअस असते. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा गडद रंगाचा बंपर ६० अंशांपर्यंत सहज जातो. फरक ५० अंशांचा. शंखजिरेमिश्रित पॉलिप्रॉपिलीनचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००८ धरू.

प्रसरण = १६०० × ०.००००८ × ५० = ६.४ मिलिमीटर

फायबरचा प्रसरणांक बराच कमी, सुमारे ०.००००२५.

प्रसरण = १६०० × ०.००००२५ × ५० = २ मिलिमीटर

म्हणजे बंपर साडेसहा मिलिमीटर वाढू पाहतो, तर ओठ दोनच. दोघांमधला ४.४ मिलिमीटरांचा फरक जाणार कुठे? ओठ स्क्रूंनी बसवला असेल आणि भोके थोडी लंबगोल ठेवली असतील, तर दोन्ही भाग एकमेकांवरून किंचित सरकतात आणि भांडण मिटते. पण सांधा लांबीने बुजवला असेल, तर ही सगळी ओढ लांबीच्या पातळ थराला सोसावी लागते. नेहमीची लांबी सुकल्यावर कडक आणि ठिसूळ होते. ती ताणली जात नाही, तडकते. पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत रंगावर केसासारखी बारीक रेघ उमटते, आणि ती नेमकी जुन्या फटीच्याच जागी!

आगगाडीच्या रुळांचे उदाहरण येथे विद्यार्थ्यांना पटेल. पूर्वी रुळांच्या सांध्यांत मुद्दाम फटी ठेवत. आता रूळ मैलोगणती सलग सांधलेले असतात. मग प्रसरणाचे काय होते? ते स्लीपर आणि खडी यांनी दाबून धरलेले असते. म्हणजे सलग सांधा अशक्य नाही, पण साठणारा ताण सोसण्याची ताकद त्या रचनेत असावी लागते. रुळांत दोन्ही बाजूंना एकच पोलाद असते, शिवाय सांधाही भक्कम असतो. बंपरवरच्या लांबीत यातले काहीच नसते.

वाऱ्याचा जोर

ओठाचे मूळ काम गाडीखाली जाणारी हवा कमी करण्याचे. गाडीचा तळ खडबडीत असल्याने तिथे हवेचा विरोध वाढतो. पुढे आडोसा केला तर तो काही प्रमाणात घटतो आणि पुढची चाके उचलली जाण्याची प्रवृत्तीही कमी होते. पण समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाला हा दाब ६० पास्कल भरतो. ताशी १०८ किलोमीटरला वेग तिप्पट, दाब मात्र नऊपट, म्हणजे ५४० पास्कल. गावातल्या वेगाला ओठाचा उपयोग शोभेपुरताच, हे यावरून स्पष्ट होते.

दीड मीटर लांब आणि आठ सेंटिमीटर उंच ओठाचे क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर. महामार्गावर त्याच्यावर सुमारे ६५ न्यूटन, म्हणजे साडेसहा किलो वजनाइतके बल येऊ शकते. ते सतत थरथरत येते. जोड कच्चा असेल तर ओठ सुटून स्वतःच्याच चाकाखाली जाईल किंवा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर उडेल. म्हणून ‘सुटा’ याचा अर्थ ‘ढिला’ असा कधीही घेऊ नये. नुसत्या टेपवर भरवसा ठेवू नये, स्क्रू हवेतच.

गतिरोधकाची परीक्षा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो. ओठ पुढच्या चाकापासून ८० सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. चाक गतिरोधकाच्या कडेला टेकते तेव्हा ओठाखाली उंचवटा सुमारे ७ सेंटिमीटर असतो. पुढे चाकही वर चढू लागते. त्यामुळे १२ सेंटिमीटर उंचीवरचा ओठ सुखरूप पार होतो. पण आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात ते अरुंद आणि उंच गतिरोधक. एखादा मीटरभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असेल, तर चाक चढण्यापूर्वीच ओठ त्याच्या माथ्याशी भिडतो. ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली जाते, ते वेगळेच.

येथे विजेच्या फ्यूजचे तत्त्व आठवावे. मोठे नुकसान टळावे म्हणून आपण एक स्वस्त तार मुद्दाम कमकुवत ठेवतो. सुटा ओठ असाच फ्यूज असतो. घासला, तुटला, तर तेवढाच बदलता येतो. कायमचा जोडला की ओठाला बसलेला प्रत्येक फटका बंपरपर्यंत पोचतो, आणि खर्च सगळ्या बंपरचा होतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

आमच्या मते चार प्रश्न क्रमाने विचारावेत. एक, दोन्ही भाग एकाच प्लॅस्टिकचे आहेत का? नसतील तर कायमचा जोड नकोच. दोन, सांधा वितळवून करणार की नुसती लांबी भरणार? नुसती लांबी असेल तर नको. तीन, ओठासकट गाडी रोजच्या रस्त्यावरून न घासता जाते का? चार, हा बदल कायद्यात बसतो का? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी, म्हणजे उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी, विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीवर पुन्हा बोट ठेवले. म्हणून आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे आधी चौकशी करावी.

चारही उत्तरे अनुकूल आली, तरी एक वर्ष ओठ सुटाच वापरावा. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा जाऊ द्यावा. स्क्रूंची भोके किती झिजली, खालची कड किती घासली, फट कुठे वाढली, याची नोंद ठेवावी. सुटा ओठ कधीही कायमचा करता येतो. कायमचा केलेला पुन्हा सुटा करता येत नाही. असे एकाच दिशेने जाणारे निर्णय उशिरा घेतले तर तोटा थोडा, घाईने घेतले तर फार.

वर्गात करून पाहा

१. बाटलीचे झाकण आणि त्याच बाटलीचा कापलेला तुकडा पाण्यात बुडवून सोडा. झाकण तरंगते, तुकडा बुडतो. एकाच वस्तूत दोन प्लॅस्टिके का वापरली असतील? हीच परीक्षा बंपरला मात्र फसवू शकते, कारण शंखजिरे पुरेसे असेल तर पॉलिप्रॉपिलीनही बुडते.

२. लाकडावर आणि पॉलिथिनवर पांढऱ्या गोंदाचा एकेक थेंब वाळू द्या. नखाने काढून पाहा.

३. ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खावर कागद चिकटवा, एक लांब पट्टी कापा आणि चिमट्यात धरून मेणबत्तीपासून थोडी दूर तापवा. पट्टी वाकते. (हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.) विद्यार्थ्यांना विचारा : ही पट्टी वाकायला मोकळी आहे. दोन्ही टोके घट्ट धरली असती, तर ओढ कोणाला सोसावी लागली असती?