मडकं फोडायचं नसतं

संगणकीय खेळातलं मडकं फोडण्यासाठीच असतं. काठी हाणली की आतून नाणं उडतं आणि खेळाडू पुढच्या मडक्याकडे वळतो. पंचवीस वर्षं मी या मडक्यावरून भांडतोय. संपादकांनी जागा दिलीच आहे, तर पुन्हा एकदा.

सुरुवातीचा काळ भराभर उरकतो. ‘सिव्हिलायझेशन’ १९९१चा, ‘एज ऑफ एम्पायर्स’ १९९७चा. दोन्हींत इतिहास म्हणजे शिडी: आपण चढायचं, शेजाऱ्याला पाडायचं. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये वाटेत एखादी वस्ती लागते. तिच्यात शिरलं की सोनं नाहीतर एखादी विद्या पदरात पडते आणि वस्ती नकाशावरून पुसली जाते. तिथे कोण राहत होतं, हे विचारायची सोयच नाही. १९९६ला ‘टूम रेडर’ची लारा क्रॉफ्ट आली. दोन हातांत दोन पिस्तुलं, खुरपं एकातही नाही. तिला पुरातत्त्वज्ञ म्हणणाऱ्यांनी दरोडेखोराला सराफ म्हणायलाही हरकत नाही.

पाचव्या ‘सिव्हिलायझेशन’च्या २०१३च्या पुरवणीत मात्र पुरातत्त्वज्ञाला खरं काम मिळालं. आपल्याच डावात पूर्वी जिथे लढाई झाली होती, तिथे तो खणतो. कल्पना झकास! पण खणून झालं की तो गडीच पटावरून नाहीसा होतो. अहवाल लिहायला कुणी उरत नाही. आमच्या पुरातत्त्वाच्या क्षेत्रातल्यांना हे फारच वास्तववादी वाटलं.

वास्तवाचा विषय निघाला की ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’चे भक्त उभे राहतात: पॅरिसचं नोत्र दाम कॅथीड्रल बघा, दगड न् दगड तंतोतंत! तिथल्या २०१९च्या आगीनंतर तर त्यांना चेवच चढला. खेळ फ्रेंच राज्यक्रांतीतला, पण वरचा निमुळता मनोरा मात्र वास्तुकार व्हिओले-ल-द्युकने १८५९मध्ये उभारला त्या वळणाचा. चूक मी माफ करतो. त्या देखण्या चित्रात शंकेला कुठे फटच नाही, हे मला खुपतं.

शंका म्हणजे काय, ते मी इनामगावला शिकलो. घोड नदीकाठचं डेक्कन कॉलेजचं ते उत्खनन १९६८ ते १९८३ चाललं. विद्यार्थी म्हणून एक मोसम मीही होतो. घराची चोपलेली जमीन सोलताना खुरप्याचा आवाज बदलला. खुरपं ठेवून ब्रश घेतला. दुपारपर्यंत दोन राखाडी मडकी उघडी पडली, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. आत तान्ह्या मुलाची हाडं. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं मूल घरातच, पायाखाली ठेवलं होतं. का? तर्क पुष्कळ झाले, पण आधी वहीत थर, घर, दिशा, मोजमाप गेलं. तीच मडकी उचलून घरी नेली असती, तर नुसती मडकीच राहिली असती.

म्हणून माझा लाडका खेळ इंकल स्टुडिओचा ‘हेवन्स व्हॉल्ट’, २०१९चा. त्यातलं जग सर्वस्वी काल्पनिक, काम मात्र अस्सल. नायिका अलिया पुरातत्त्वज्ञ आहे. तुकड्यावर चार चिन्हं दिसतात, अर्थ आपण अंदाजाने लावायचा. बरोबर की चूक, हे खेळ लगेच सांगत नाही. चुकलेला अंदाज पुढच्या लेखांतही शिरतो आणि कुठेतरी वाक्य अडलं की आपल्यालाच ओशाळायला होतं. एका चिन्हाचा भलताच अर्थ उराशी धरून मी दोन रात्री हिंडलो. इतका आनंद मला कुठल्या खजिन्याने दिला नाही. हाती आलेली वस्तू कालपटावर आपली जागा घेते, ती जागाच बक्षीस.

पण असे खेळ विरळ. आता सगळ्यांना चकचकीत पुनर्रचना हवी, खापरं धुवायला कुणी नको. परवा एका संग्रहातली खापरं मुलांसमोर मांडली. एका मुलीने तुकडा उलटापालटा करून विचारलं, “आजोबा, हा कुठे सापडला?” मी खूश होऊन पेटीवरची चिठ्ठी शोधायला गेलो. चिठ्ठी केव्हाच गळून पडली होती.