श्वसनोपचारकाचा परवाना

आपण दिवसाकाठीं सुमारें २० हजार वेळां श्वास घेतों आणि त्यांतला एकही मोजीत नाहीं. श्वासाची आठवण न होणें हीच निरोगीपणाची खूण होय. परंतु न्युमोनियानें छाती भरून आली, दम्यानें श्वासनलिका आवळल्या, किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शुद्ध हरपली, म्हणजे हेंच काम दुसऱ्या कोणा माणसास मोजून मापून करावें लागतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असें काम करणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यांस तेथें रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणतात. आपण श्वसनोपचारक म्हणूं. हा मनुष्य डॉक्टर नव्हे आणि परिचारकही नव्हे. डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणें तो रुग्णास प्राणवायु देतो, औषधाचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुफ्फुसांत पोंचवितो, रोहिणींतून रक्त काढून त्यांतील वायूंचें प्रमाण तपासतो आणि व्हेंटिलेटर सांभाळतो. असा श्वसनोपचारक होण्यासाठीं काय शिकावें लागतें, आणि शिकून झाल्यावरही सरकारी परवाना कशासाठीं लागतो, हें आज सांगावयाचें आहे.

आधीं दुसरा प्रश्न घेऊं; त्याचें उत्तर मिळालें म्हणजे बाकीच्या खटाटोपाचा अर्थ आपोआप उलगडेल. 'प्राणवायु देण्यांत एवढें कठीण काय? नळी लावावी आणि तोटी फिरवावी,' असें कोणासही वाटेल. मोठमोठ्या डॉक्टरांनाही एके काळीं असेंच वाटत होतें. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना उबदार पेटींत ठेवून सढळ हातानें प्राणवायु दिला जाई. मुलें जगत, पण त्यांतील कित्येक आंधळीं होऊं लागलीं. १९४२ सालीं बोस्टनचे नेत्रवैद्य डॉ. टेरी यांनीं या अंधत्वाचें वर्णन प्रसिद्ध केलें. कारण मात्र कित्येक वर्षें सांपडेना. शेवटीं १९५३-५४ सालीं १८ रुग्णालयांनीं मिळून काळजीपूर्वक प्रयोग केला, आणि दोष प्राणवायूच्या अतिरेकाकडे जातो हें सिद्ध झालें. तोंवर जगांत सुमारें १० हजार मुलांची दृष्टि गेली होती. पुढें भीतीनें डॉक्टरांनीं हात आंखडता घेतला, तेव्हां प्राणवायूवांचून अर्भकें दगावूं लागलीं. अति तेथें माती हें खरेंच; पण येथें उणेंही तितकेंच घातक. प्राणवायु हें औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते.

व्हेंटिलेटरची गोष्टही अशीच आहे. रोग्याला भरपूर हवा मिळावी म्हणून पूर्वीं प्रत्येक श्वास मोठा देण्याची चाल होती. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत, फुफ्फुसें गंभीर रीतीनें सुजलेल्या ८६१ रोग्यांचे दोन गट केले होते. एका गटास दर किलो वजनामागें १२ मिलिलिटर मापाचा श्वास दिला, दुसऱ्यास ६ मिलिलिटरचा. मोठ्या श्वासाच्या गटांत शेंकडा ३९.८ रोगी मरण पावले. लहान श्वासाच्या गटांत शेंकडा ३१. फरक औषधाचा नव्हता, निराळ्या यंत्राचाही नव्हता. केवळ मापाचा होता.

येथें 'किलो वजन' म्हटलें तें कांट्यावरचें वजन नव्हे. माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याचीं फुफ्फुसें मोठीं होत नाहींत. तीं उंचीच्या मानानें असतात. म्हणून उंचीवरून अपेक्षित वजन काढतात. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचें तें सुमारें ६६ किलो भरतें, आणि त्याचा श्वास सुमारें ४०० मिलिलिटरचा ठरतो. हाच पुरुष कांट्यावर १०० किलो भरला आणि कोणीं त्यावरून हिशेब केला, तर श्वास ६०० मिलिलिटरचा होईल. चूक साध्या गुणाकाराएवढी दिसते. पण ती दर मिनिटास पंधरा-वीस वेळां होत राहते, आणि तोंडांत नळी असलेला रोगी 'पुरे' असें म्हणूंही शकत नाहीं.

परवान्याचें मूळ या मुक्या रोग्यापाशीं आहे. शिंपी वाईट निघाला तर आपण दुसरा शोधतों. पण व्हेंटिलेटरवर पडलेला मनुष्य आपला श्वसनोपचारक निवडीत नाहीं, पारखीतही नाहीं. ती पारख समाजानें त्याच्या वतीनें आगाऊ करून ठेवावी लागते.

अमेरिकेंतही ही व्यवस्था एका दिवसांत उभी राहिली नाहीं. प्राणवायूचीं सिलिंडरें ने-आण करणाऱ्या आणि उपकरणें सांभाळणाऱ्या कामगारांतून हा व्यवसाय वाढला. शिकागो येथें १९४६-४७ सालीं त्यांची पहिली संघटना निघाली. १९६० पासून राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. कॅलिफोर्निया संस्थानानें १९८२ सालीं परवान्याचा कायदा केला, आणि मग अलास्का वगळून इतर सर्व संस्थानांनीं तोच मार्ग धरला.

आतां उमेदवाराचा मार्ग पाहूं. माध्यमिक शिक्षणानंतर श्वसनोपचाराच्या मान्यताप्राप्त शिक्षणक्रमांत प्रवेश घ्यावा लागतो. त्याची किमान पायरी दोन वर्षांच्या पदवीची. परंतु २०१८ सालीं, नव्यानें निघणाऱ्या शिक्षणक्रमांनीं चार वर्षांची किंवा तिच्याहून वरची पदवी दिली पाहिजे असा नियम लागू झाला. शरीररचना, वायूंचे नियम, औषधें व जंतुशास्त्र यांचा अभ्यास वर्गांत होतो; आणि रुग्णालयांत, अतिदक्षता विभागापासून नवजात अर्भकांच्या पेटीपर्यंत, देखरेखीखालीं हात बसवावा लागतो.

त्यानंतर राष्ट्रीय मंडळाची परीक्षा. २०२४ सालच्या पद्धतीप्रमाणें तिचे दोन भाग होते. पहिल्यांत १६० प्रश्न आणि तीन तास. त्यांत उत्तीर्ण होण्याच्या दोन रेषा असत: खालची ओलांडली तर प्राथमिक प्रमाणपत्र, वरची ओलांडली तर दुसऱ्या भागास बसण्याची मुभा. हा दुसरा भाग मोठा मार्मिक होता. चार तासांत २२ रोग्यांच्या हकीगती उमेदवारापुढें येत. कोणती माहिती मागवावी, कोणता उपाय करावा, हें त्यानें ठरवावें. अपायकारक निवड केली तर गुण वजा व्हावे. आणि एकदां पुढें गेल्यावर मागें येऊन उत्तर बदलतां येऊं नये. रोग्याच्या उशाशीं तरी दुसरें काय घडतें?

परीक्षा उतरली तरी काम सुरू करतां येत नाहीं. परीक्षा राष्ट्राची असली तरी परवाना ज्या त्या संस्थानाचा असतो. अर्ज, शुल्क व पूर्ववर्तनाची चौकशी हे विधि उरकावे लागतात. कॅलिफोर्नियांत २०१५ पासून नव्या अर्जदारास वरच्या दर्जाचें प्रमाणपत्रच लागतें. शिवाय हा परवाना जन्माचा नसतो: ठराविक मुदतीनें त्याचें नूतनीकरण करावें लागतें, त्यासाठीं नवें शिक्षण घेतल्याचा पुरावा बहुतेक ठिकाणीं मागतात, आणि गैरवर्तन घडल्यास परवाना काढूनही घेतां येतो.

आपल्याकडेही श्वसनोपचाराचे पदवी-शिक्षणक्रम चालतात. २०२१ सालीं संसदेनें आरोग्यसेवेंतील अशा व्यवसायांसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि त्यांत व्यावसायिकांच्या नोंदवहीची तरतूद आहे. ज्या पालकांच्या मनांत मुलास वा मुलीस या विद्येसाठीं अमेरिकेस पाठविण्याचें असेल, त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तेथील परीक्षेस बसण्यासाठीं सामान्यतः तेथील मान्यताप्राप्त शिक्षणक्रमच पुरा करावा लागतो. तेव्हां शुल्क भरण्यापूर्वीं इमारतीची भव्यता न पाहतां शिक्षणक्रमाची मान्यता पाहावी, आणि जेथें नोकरी करावयाची त्या संस्थानाचे नियम आधीं वाचावे.

त्याच २०२१ सालीं साथीच्या दिवसांत प्राणवायूच्या सिलिंडरासाठीं आपल्या शहरांतून कशी वणवण झाली, हें आपण विसरलों नाहीं. सिलिंडर मिळालें म्हणजे सर्व मिळालें असें त्या वेळीं वाटे. पण प्राणवायु किती सोडावा आणि केव्हां थांबवावा, हें जाणणारा मनुष्य उशाशीं असणें ही त्याच्याइतकीच मोठी गरज आहे. सिलिंडरें कारखान्यांत थोड्या दिवसांत भरतां येतात. असा मनुष्य तयार होण्यास मात्र वर्षें लागतात. म्हणून त्याची तयारी साथ येण्यापूर्वींच झाली पाहिजे.