साडेतीन कोटी फोटोंतला वाघ: क्वेरी मंद का होते?

टेबलं कशी बेतायची ते मागच्या व्याख्यानात पाहिलं. आज ती रखडायला लागली की कुठे बघायचं, ते पाहू.

उदाहरण इथलंच घेऊ. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ जागी कॅमेरे लावले होते. फोटो निघाले ३,४८,५८,६२३. त्यांत वाघाचे फक्त ७६,६५१! म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे एक. बाकी बिबट, चितळ, गुरं, माणसं, हललेलं गवत.

आता समजा, एवढ्याच नोंदी आपल्या पोस्टग्रेसच्या एका टेबलात आहेत आणि रोज नव्या पडताहेत. ओळीत कॅमेरा क्रमांक, वेळ, प्राणी, जिल्हा. मे महिना आहे, तेंदूपत्त्याचा हंगाम. माणसं पहाटेच जंगलात शिरतात. वनरक्षकाचा प्रश्न साधा आहे: माझ्या बीटातल्या १२ कॅमेऱ्यांसमोर गेल्या १५ दिवसांत वाघ आला का? उत्तर माणसं गावाबाहेर पडायच्या आधी मिळालं तरच उपयोगाचं. आणि स्क्रीनवर चक्र फिरतंय.

अशा वेळी पहिली मागणी येते ती रॅमची. माझं मत विचाराल तर खरेदीचा कागद नंतर काढा, आधी क्वेरीला ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइज’ लावून चालवा. डेटाबेस कुठल्या वाटेनं गेला, ते तो स्वतःच सांगतो. ‘सिक्वेन्शियल स्कॅन’ दिसला, तर तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचतोय. हिशोब करा: पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं. ओळ २०० बाइटची धरली तर पानात ४० ओळी, टेबल जवळपास ७ जीबी. सेकंदाला १५० एमबी वाचणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कवर पाऊण मिनिट. तेही एकट्या माणसाला. सकाळी वीस जण एकदम विचारायला बसले की रांग लागते.

यावर इंडेक्स हवा, पण कुठला? नुसत्या ‘प्राणी’ स्तंभावरचा इंडेक्स वाघासाठी चांगला, कारण वाघ विरळ. चितळ जर एकूण फोटोंच्या तिसऱ्या हिश्श्याइतके असतील, तर जवळपास प्रत्येक पानावर चितळ सापडणार. मग इंडेक्स असूनही प्लॅनर सगळं टेबलच वाचतो. ते बरोबरच आहे, त्याला दोष देऊ नका. आपल्या प्रश्नाला कॅमेरा आणि वेळ असा जोड-इंडेक्स लागतो, आणि क्रम हाच. कार्यालयात बीटनिहाय गठ्ठे बांधून प्रत्येक गठ्ठ्यात तारखेनं कागद लावतात ना, तसं. उलट केलंत, तर पंधरा दिवसांचे सगळ्या जंगलाचे कागद चाळावे लागतील.

एक नेहमीची खोड जाता जाता सांगतो. वेळेच्या स्तंभावर फंक्शन लावून ‘महिना बरोबर ५’ असं लिहिलं की साधा इंडेक्स वाया जातो. ‘१ मेपासून १ जूनच्या आधीपर्यंत’ असं लिहा.

आता खरी गंमत. ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइज’मध्ये मी आधी दोन आकडे शेजारी ठेवून बघतो: अपेक्षित ओळी आणि प्रत्यक्ष निघालेल्या ओळी. प्लॅनर अंदाजानं चालतो, आणि दोन स्तंभांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरून. समजा एकूण फोटोंपैकी २ टक्के चंद्रपूरचे. वाघाचं प्रमाण ०.२२ टक्के. तो गुणाकार करून म्हणणार, चंद्रपूरच्या वाघाचे फोटो साधारण दीड हजार. पण आपल्याला माहीत आहे, ताडोबा-ब्रह्मपुरी पट्ट्यात वाघ दाट आहेत! प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट निघतील. दीड हजार समजून तो ‘नेस्टेड लूप’ निवडतो, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात एक फेरी. ओळी दसपट निघाल्या की फेऱ्याही दसपट. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेलात, तर तोच गुणाकार वेगळ्याच बाजूला चुकू शकतो. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता, पण वाघ जिल्ह्याच्या सरासरीनं राहत नाहीत.

उपाय आहे. पोस्टग्रेसच्या १२ व्या आवृत्तीपासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ वापरून प्राणी-जिल्हा या जोडीतल्या नेहमी येणाऱ्या जोड्यांची यादी ठेवायला सांगता येतं. त्यानंतर ‘अ‍ॅनालाइज’ चालवायला विसरू नका, नाहीतर यादी रिकामीच.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे: मग सगळ्याच स्तंभांवर इंडेक्स का नको? कारण प्रत्येक नव्या ओळीला प्रत्येक इंडेक्समध्ये जागा करावी लागते. कॅमेऱ्यांची कार्डं आली आणि एका दुपारी दोन लाख नोंदी भरायच्या असल्या, की ते लगेच जाणवतं. शिवाय पोस्टग्रेस आकडेवारी आपोआप ताजी करतो ती मूळ सेटिंगप्रमाणे साधारण १० टक्के ओळी बदलल्यावर. साडेतीन कोटींच्या टेबलात म्हणजे ३५ लाख. तोवर कालच्या कार्डांचा प्लॅनरला पत्ता नसू शकतो, आणि वनरक्षकाला तर नेमके कालचेच फोटो हवे असतात. म्हणून कार्डं भरून झाली की त्याच स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ‘अ‍ॅनालाइज’ टाका, आणि या एका टेबलापुरती १० टक्क्यांची अट १ टक्क्यावर आणा.