विपणनाची पदवी : अभ्यासक्रम आणि करिअर

वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांतील पदवीच्या वर्गांत विपणन, म्हणजेच मार्केटिंग, हा विषय निवडणाऱ्यांची संख्या मोठी असते. तथापि बोलके असणे एवढ्या भांडवलावर हे क्षेत्र जिंकता येते, या घरोघरी रुजलेल्या समजुतीपोटी ही निवड अनेकदा होते. प्रत्यक्षात ग्राहकाची गरज ओळखणे, तिला अनुरूप वस्तू किंवा सेवा घडवणे आणि ती परवडेल अशा दरात, हाताशी येईल अशा ठिकाणी पोहोचवणे, या साऱ्या व्यवहाराचे हे शास्त्र असून त्यात बोलण्याइतकेच ऐकण्याला आणि मोजण्याला महत्त्व आहे.

विद्यापीठीय विषय म्हणून विपणनाचा आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत झाला. पुढे जेरोम मॅकार्थी यांनी १९६०मध्ये वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी अशी चतुःसूत्री मांडली आणि फिलिप कोटलर यांच्या १९६७मधील पाठ्यपुस्तकाने तिला जगभरच्या वर्गांत नेले. भारतात वाणिज्य शिक्षणासाठी मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय १९१३मध्ये आणि पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३मध्ये सुरू झाले, तरी व्यवस्थापनाचे शिक्षण दीर्घकाळ प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवरच राहिले. मुंबई विद्यापीठाने १९९९च्या सुमारास बीएमएस (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) हा पदवी अभ्यासक्रम आणल्यानंतर बारावी झालेल्या विद्यार्थ्याला ही वाट थेट खुली झाली. २०२४-२५पासून बीबीए, बीएमएस यांसारखे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) सुरू झाली आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे तीन वर्षांनी पदवी किंवा चार वर्षांनी ऑनर्स असा पर्यायही मिळाला.

मॅकार्थी यांच्या चतुःसूत्रीचा अर्थ शाम्पूच्या पुडीवरून चांगला उलगडतो. बाटलीतला शाम्पू रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होता, कारण अशा घरात पैसा रोज थोडाथोडा येतो आणि खरेदीही त्याच बेताने होते. ही बाब हेरून तमिळनाडूतील सी. के. रंगनाथन यांनी १९८३मध्ये सुरू केलेल्या व्यवसायातून ‘चिक’ शाम्पूची पुडी बाजारात आणली. या पुडीचा आकार हे वस्तूविषयीचे उत्तर होते, सुट्या नाण्यांत बसणारा दर हे किमतीविषयीचे, गावातले किराणा दुकान हे वितरणाविषयीचे आणि खेड्यांत लोकांसमोर केस धुऊन दाखवणे हे प्रसिद्धीविषयीचे. ग्राहकांचे उत्पन्न, सवयी किंवा वस्ती यांनुसार गट पाडण्याला बाजार-विभाजन म्हणतात, आणि आधी गट नीट ओळखला गेल्यामुळेच ही चारही उत्तरे एकमेकांशी जुळली. त्याच पुडीने पुढे गावोगावच्या गटारांत प्लास्टिक साचवले, हेही अभ्यासक्रमात तितक्याच गांभीर्याने शिकवले जायला हवे. कारण विपणनाच्या प्रत्येक यशाचा खर्च कोणीतरी भरत असतो.

नोकरीच्या संधींचा विचार करताना पदनामांच्या झगमगाटामागे पाहणे आवश्यक ठरते. रोजच्या वापराच्या वस्तूंच्या कंपन्यांत पदवीधराची सुरुवात बहुधा विक्रीपासून होते. त्याला ‘बीट’, म्हणजे दुकानांना भेटी देण्याचा ठरलेला मार्ग, सांभाळावा लागतो, वितरकाचा साठा आणि उधारी पाहावी लागते आणि महिन्याचे टार्गेट गाठावे लागते, आणि या पायरीवर टिकणारा पुढे एरिया सेल्स मॅनेजर होऊ शकतो. ब्रँड मॅनेजरचे पद मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा एमबीए झालेल्यांना देतात, त्यामुळे केवळ पदवीच्या बळावर त्याची अपेक्षा धरणे योग्य नाही. बँका व विमा क्षेत्रात मार्केटिंग या नावाखाली निघणाऱ्या अनेक जागा प्रत्यक्षात थेट विक्रीच्या असतात. निश्चित वेतन किती आणि कमिशन किती, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. बाजार-संशोधन संस्था, जाहिरात संस्थांतील मीडिया प्लॅनिंग आणि डिजिटल मार्केटिंग येथे आकड्यांची समज असलेल्याला वाव आहे, कारण एक नवा ग्राहक मिळवायला किती खर्च आला, याचा हिशेब तेथे सतत मांडावा लागतो.

महाराष्ट्रासाठी विशेष महत्त्वाचे क्षेत्र शेतमालाचे आहे. नाशिकची द्राक्षे युरोपात पाठवायची तर कीटकनाशकांच्या अवशेषांची मर्यादा, प्रतवारी, शीतसाखळी आणि प्रत्येक पेटीचा बागेपर्यंत लागणारा माग या सर्वांची पूर्तता करावी लागते. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हे जाणणाऱ्या आणि शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलू शकणाऱ्या तरुणांची गरज आहे. मराठी माध्यमातून आलेला ग्रामीण विद्यार्थी ज्याला आपली उणीव समजतो, ते येथे त्याचे बळ ठरते.

क्षेत्र कोणतेही असो, या व्यवसायाला नियमांची चौकटही आहे. जाहिरातींचे स्वनियमन करणारी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिल १९८५मध्ये स्थापन झाली, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातींवर दंडाची तरतूद केली आणि २०२३मध्ये वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यामुळे प्रामाणिकपणा हा आता या व्यवसायाच्या कौशल्याचाच भाग झाला आहे. हे सारे ध्यानात घेऊन प्रवेश घेताना पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी इमारत व जाहिरातपत्रक यांवर न जाता संख्याशास्त्र कोण शिकवते, प्रत्यक्ष बाजारातले सर्वेक्षण किती होते आणि कार्यानुभव खऱ्या दुकानात मिळतो की केवळ कागदावर, हे तीन प्रश्न महाविद्यालयाला विचारावेत आणि समाधानकारक उत्तर मिळेल तेथेच प्रवेश घ्यावा.